पुढचं काहून नाही लिहिलं

मॅडम, खुर्च्या पुसून झाल्या होत्या. तुमच्या अमरावतीच्या समुपदेशनाच्या त्या दोन खोल्यांत सकाळचं काम माझ्याकडे असायचं. झाडणं, माठ भरणं, मग नवरा-बायकोच्या खुर्च्या लावणं, समोरासमोर नाही, थोड्या तिरक्या. "समोरासमोर बसवलं की माणसं भांडतात, शेजारी बसवलं की भिंतीशी बोलतात," असं तुम्ही सांगितलं होतं. मी पेले विसळत होते, तेवढ्यात तुमच्या नव्या पुस्तकाच्या प्रतींचं खोकं आलं. शाळा माझी सातवीपर्यंत, पण तुमच्या कपाटाने मला वाचायची सवय लावली होती. हात पदराला पुसून मी वरची प्रत उघडली आणि उभ्याउभ्याच वाचू लागले. एका प्रकरणात आम्ही होतो. नावं नव्हती, पण तो माझा नवरा होता आणि ती मी.

त्याच खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो, मी तुमच्याकडे कामाला लागायच्या आधी. त्याने घरात बोलणं टाकलं होतं. तुम्ही त्याला विचारलंत, तुमचं काय म्हणणं आहे? तो म्हणाला, "माह्याच्यानं होत नाही आता. मी जाऊन राहिलो." तुम्ही पुण्याच्या, वऱ्हाडात नव्या. तुम्हाला वाटलं, हा कुठेतरी जाऊन राहून आलाय. "कुठे राहिलात? किती दिवस?" तो तुमच्याकडे बघतच राहिला. "अजून गेलो कुठी मॅडम? निघून राहिलो म्हनतो ना!" मला आधी हसू फुटलं, मग त्याला, आणि आमच्याकडे 'जाऊन राहिलो' म्हणजे 'जातोय' हे समजावल्यावर तुम्हालाही. प्रकरणाच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, "दोघं हसत जिना उतरले, आणि मला कळलं की हे घर आता मोडत नाही."

जिना आम्ही हसतच उतरलो, हे खरं. त्याच आठवड्यात तो अकोल्याला गेला. जुन्या शहरात खोली केली, डाळ मिलमध्ये लागला आणि दोन वर्षं घरी आला नाही. तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर मला काम दिलंत.

तुम्ही आत आलात तेव्हा पुस्तक माझ्या हातातच होतं. "मॅडम, पुढचं काहून नाही लिहिलं?" तुम्ही पर्स खुंटीला अडकवलीत. "पुढचं लिहायला बसले तर कुठलंच पुस्तक पुरं होणार नाही." "मग नका करू पुरं." तुमचा आवाज चढला. "लोक इथे कोणत्या अवस्थेत येतात ते रोज बघता ना तुम्ही? त्यांना धरायला काहीतरी लागतं." "मले काय दिलं धरायले?" तुम्ही दाराकडे पाहिलंत. बाहेर एक जोडपं येऊन बसलं होतं. "पाठवा त्यांना," म्हणालात. मी पाठवलं. पुस्तक खूप चाललं. भाषणाला बोलावणी आली, वरूडच्या लोकांनी संत्र्यांची पेटी पाठवली, त्यातली अर्धी तुम्ही मला दिलीत. तुम्ही जग सोडून जाईपर्यंत तो विषय आपल्यात परत निघाला नाही.

नवरा परत आला, पण हसून नाही. दारात उभा राहिला, "भाकर आहे का?" म्हणाला. मग कितीतरी वर्षं आम्ही एकेक गोष्ट भांडून, रडून बाहेर काढली. तुमच्या पुस्तकात नाही ते हेच. आता तोही नाही. तो अकोल्याला होता तेव्हा लेक लहान होती. बाबा ड्युटीवर आहेत, एवढंच तिला सांगितलं, आणि ते तसंच राहिलं. बाबा म्हणजे तिचा देव.

तीच लेक आता अकोल्याहून माझ्याकडे आलीय. जावई हात उचलत नाही, शिवी देत नाही. बोलणं बंद करतो आणि भातकुली गावी भावाकडे निघून जातो. तो समोर बसून बोलेपर्यंत परत जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. शनिवारी मी भाकरी थापत असताना तुमचं पुस्तक घेऊन आली. "आई, काल तो फोनवर हसला. मी उद्या जाऊन राहिली."

"बोलला का काही?"

"बोलन ना मंग. हे पाय, हे दोघं एका हसण्यावर सावरले. तू वाचलं का हे?"

"वाचलं."

"मंग? खोटं आहे का?"

तव्यावरची भाकरी करपली. मी ती काढून दुसरी थापायला घेतली. सांगितलं तर तिचा बाप तिच्या हातून जातो. नाही सांगितलं तर ती त्या हसण्याच्या भरवशावर जाते, आणि जावई पुन्हा निघून गेला की दोष स्वतःला देते, जसा मी दिला.

म्हणून दुपारी हे लिहायला घेतलं. तुमच्यापर्यंत येणार नाही, ठाऊक आहे. तुमच्यावरचा राग मी इतकी वर्षं सांभाळला, पण एक कबूल करते. नवरा वारल्यावर मी ते प्रकरण पुष्कळदा वाचलं. दर वेळी जिन्यापाशी थांबले. तिथे तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बॅग दाराशी होती. मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं की तिचे बाबा ती दोन वर्षं ड्युटीवर नव्हते.