शेवटचे चार नमुने

६ जानेवारी
आलो एकदाचा! ताईने दारातच गालगुच्चा घेतला, जणू मी अजून तिसरीत आहे. नोकरी दाजींच्या ओळखीने मिळाली. खाणीत उतरायची नवी विहीर खणताहेत, तिथे दाजी मुकादम. मी त्याच कामाच्या प्रयोगशाळेत. तिथली माझी कामाची खोली शून्याखाली दहा अंश. दोन स्वेटर, वर कानटोपी. दाजी म्हणाले, मेहुण्याचा पार कांदा झालाय.

९ जानेवारी
काम कळलं. विहिरीभोवतीची ओली माती नळ्या घालून गोठवतात. ती गोठलेली मातीच भिंत होते, पाणी अडवते. मी तिचे नमुने यंत्रात दाबून बघायचे, खोलवरचा दाब सोसेल का म्हणून. जितकं दाबावं तितकी पठ्ठी घट्ट होते! एकेका नमुन्याला अख्खा दिवस जातो.

२० जानेवारी
सगळ्यात जास्त दाबाचे चार राहिले होते. कंटाळा आला. आलेख सरळ वर चाललेला. पट्टी लावून रेघ पुढे ओढली, चार आकडे लिहून टाकले. साहेबांनी पाठ थोपटली.

२ फेब्रुवारी
उरलेला एक नमुना सहज यंत्रात लावला. दाब वाढवत नेला तर तो चक्क घामेजला. एवढ्या थंडीत! दाबानेच आतला बर्फ वितळला आणि माती लोण्यासारखी बसली. माझी रेघ तिथे खाली वळायला हवी होती. दाजींची माणसं तळाशी पोचलीत. आत्ताच सांगायला हवं. पण नोकरी जाईल, दाजींना मान खाली घालावी लागेल. उद्या सकाळी नक्की सांगतो.

३ फेब्रुवारी
आठला साहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. नऊला भिंत आत आली. दाजींनी सगळ्यांना शिडीवर चढवलं, स्वतः मागे राहिले. ते राहिलेच. माणसं सांगतात, भिंत कोसळली नाही, सावकाश सरकत आली.

७ फेब्रुवारी
त्यांना काढता येणार नाही म्हणे. साहेबांनी विचारलं, आकडे मोजूनच लिहिलेस ना. हो म्हणालो. ताई रडत रडत ज्याला त्याला सांगतेय, माझ्या भावाचं काम चोख असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ फेब्रुवारी
थंड खोलीच्या भिंतींवर बर्फ चढलाय. खरवडला. दुपारी पुन्हा तेवढाच. हात लावला तर ओला – कोमट –

१० फेब्रुवारी
खोली बारा पावलं होती. आज नऊ. साहेब म्हणतात बाराच आहे, घरी जा. घरी ताई आहे. कुठल्या तोंडाने –

११ फेब्रुवारी
दार उघडत नाही. आवाज नाही, भिंत नुसती सरकतेय.

पाच पावलं. मोजली.

तीन. दाजी, अंदाज नाही, एकेक मोजून लिहितोय –

हातभर.

वीतभर. ताई, तुझ्या भावाने ते चार नमुने