बुटक्यांचा कोश आणि माझी सही

४ फेब्रुवारी, मंगळवार

'हलकंफुलकं आहे हो, बाई. दोन दिवसांत उडवून टाकाल!' — इति आमच्या छापखान्याचे मालक. हलकंफुलकं म्हणे! तीनशे पानांची कादंबरी, डोंगराच्या पोटात राहणाऱ्या बुटक्यांच्या राज्याची. आणि तिच्या शेपटीला सोळा पानांचा 'बुटक्यांचा विनोदी शब्दकोश'. कादंबरी बरी आहे. नाही, चांगली आहे, इथे खोटं कशाला लिहू. बुटके खाणी खणतात, भांडतात, प्रत्येक भुयाराला नाव ठेवतात, रुसतात, मरतात. वाचताना जेवायचं राहिलं. पण तो कोश!

'उंबरठा : बुटक्यांचा पर्वत.'

'खुर्ची : चढाई करून जिंकायची जागा.'

'टाकी : बुटक्यांचा समुद्र. दरवर्षी एखादा खलाशी बुडतो.'

'दाढी : बुटक्याजवळची एकमेव लांब वस्तू.'

वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बाबतीत तिला फार लांब जावं लागत नाही — तीन फूट दहा इंच. (हे मी म्हणायचं. त्या लेखकानं नाही.)

५ फेब्रुवारी, बुधवार

कोण हा लेखक? मालकांनीही त्याला पाहिलेलं नाही. दुसऱ्या गावात राहतो, सगळं टपालानं पाठवतो, फोन म्हणून उचलत नाही. मागच्या पानासाठी फोटो आलाय, नुसता चेहरा. आमची डीटीपीवाली पडद्यावर तो मोठा करून बघत बसली होती. 'दिसायला छान आहे की गं!'

दिसायला! मी हनुवटी बघितली. उंच माणसांच्या हनुवट्या मला बरोबर कळतात, आयुष्यभर त्याच बघत आलेय. सहा फूट, पैज लावते. फळीवरचा डबा काढून द्यायला ह्यानं जन्मात कुणाला हाक मारली नसेल. आणि हा मला सांगणार उंबरठा म्हणजे काय!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझं काम शुद्धलेखनापुरतं. ऱ्हस्व, दीर्घ, सुटलेला अनुस्वार. बावीस वर्षं तेच करतेय, कधी लेखकाच्या वाटेला गेले नाही. पण आज हातात लाल पेन होतं आणि समास चांगला रुंद होता. लिहिलंच.

'उंबरठा'शेजारी : अशोभनीय. 'टाकी'शेजारी : माणसं बुडतात ह्यात हसण्यासारखं काय आहे? 'दाढी'शेजारी : छी.

'गर्दी : कमरांचं जंगल.' इथे पेन थांबलं. हे बरोबर आहे. अगदी असंच असतं — पट्टे, पिशव्या, कोपरं, आणि वर कुठेतरी बोलणं चाललेलं. ह्याला कसं कळलं? कुणाचं तरी ऐकून ढापलं असणार.

शेवटी लिहिलं : 'लेखकमहाशय, बुटक्या माणसांनाही भावना असतात. त्यांच्या शरीरावर विनोद करणं सभ्य माणसाला शोभत नाही.' मी स्वतः कोण, ते लिहिलं नाही. मुद्दामच. मी तपासनीस म्हणून बोलतेय, नमुना म्हणून नाही! पाकीट चिकटवून सरळ टपालात टाकलं. मालकांना पत्ता नाही.

आणि कोश करायचाच असेल तर असा करावा ना —

'वाकणे : उंच लोकांचा व्यायाम. ह्याला ते दयाळूपणा म्हणतात.'

'बाळ : त्रेचाळीस वर्षांच्या बाईला दुकानदार मारतो ती हाक.'

'उंच : वर राहणारी एक जमात. खाली काय सांडलंय ते ह्यांना सगळ्यात शेवटी कळतं.'

हे कुणाला दाखवायचं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर नाही. घाबरला वाटतं!

१२ फेब्रुवारी, बुधवार

घाबरतोय कसला! पाकीट आलं. माझे सगळे लाल शेरे खोडलेले, हिरव्या शाईनं. खाली एकच ओळ : 'बाई, बुटक्यांना तुमची दया नको आहे. विनोद तसेच ठेवा.' 'तसेच'खाली दोन रेघा.

माझी दया! मी ह्यांच्यावर दया करतेय! अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर आणखी आगाऊपणा म्हणजे एक नवा शब्द घालून पाठवलाय —

'कीव : उंचावरून पडणारी वस्तू. बाहेर पडताना टोपी घालावी.'

कुणाला टोमणा हा? मला? (हसू आलं होतं. एकदाच. लगेच गिळलं.)

१५ फेब्रुवारी, शनिवार

घरी वेगळंच नाटक. वहिनीनं चहा ठेवला, बिस्किटं ठेवली, समोर बसली. तेव्हाच ओळखलं.

'एक स्थळ आलंय. माणूस सरळ आहे, नोकरी आहे, आणि... अगदी तुझ्या मापाचं आहे हो.'

'वहिनी, चप्पल घ्यायला निघालोय का आपण?'

'बघ, लगेच डोक्यात राख! तुझ्या भल्यासाठीच बोलते ना मी?'

दादा पेपरात तोंड खुपसून बसला होता. पान उलटत नव्हता, म्हणजे ऐकत होता. मी विचारलं, तो माणूस काय वाचतो, कशावर हसतो, चिडला की काय करतो? वहिनीला एकही उत्तर ठाऊक नव्हतं. उंची मात्र ठाऊक होती. इंचासकट! हे बारावं स्थळ. बाराच्या बारा मापाची. मी बिस्किट न खाता उठले आणि आत जाऊन दार आपटलं. कडी हाताला लागत नाही म्हणून आपटायचं तेवढंच राहतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कोशाचा उरलेला अर्धा भाग आज टेबलावर आला. प ते ह. तेराव्या पानावर —

'लग्न : दोन बुटक्यांनी मिळून एक माणूस होणे.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही वाटलंच नाही. दुसऱ्यांदा वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. संतापाचं. म्हणजे एकेकटे आम्ही अर्धे! दोघांची बेरीज केली की कुठे एक भरतो! वहिनी निदान चहा तरी देते.

आमच्या छापखान्याची रीत अशी, की प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे छपाईला जाणाऱ्या मोठ्या कागदाच्या, कोपऱ्यात माझी सही पडल्याशिवाय मशीनवाला बटणाला हात लावत नाही. मालकांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. बावीस वर्षांत सही अडवलेली नाही, तापातसुद्धा घरी मागवून केली. आज सरळ मालकांच्या खोलीत गेले. 'कोशावर माझी सही मिळणार नाही.'

त्यांना आधी गंमत वाटली. मग वाटेना. 'अहो बाई, पुस्तकं विनोदानं खपतात.'

'खपू देत. माझ्या सहीवर नाही खपायची.'

'पंचवीसला मशीन लावायचंय. तुम्ही नाही केलीत तर मी नव्या तपासनिसाला बसवीन, आणि मग ही रीत कायमचीच मोडेल. विचार करा.'

विचार केला. बाहेर येऊन जागेवर बसेपर्यंत केला. नाही म्हणजे नाही. ह्या इमारतीत माझ्या अंगापेक्षा मोठी अशी माझी एकच गोष्ट आहे, ती सही. जाऊ दे तीही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

त्याला शेवटचं लिहिलं. शेरा नाही, पत्र. 'अर्धा माणूस तुम्ही कुणाला म्हणता? हे वाचणारी एखादी बाई कुठेतरी असेल. तिच्याकडे येणारी स्थळं आधीच इंचपट्टी लावून येत असतील. तिनं तुमच्या पुस्तकात, निदान पुस्तकात, तरी पुरतं एक असायला हरकत आहे का? जरा खाली उतरून बघा, महाशय. तुम्हाला जे मजेदार दिसतं ते खालून मजेदार नसतं.'

तीनदा वाचलं. एक शब्द मऊ केला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डीटीपीवाली डबा घेऊन माझ्याकडे आली. रोज येते, पण आज घास घोळवत होती. 'एक विचारू? ते कमरांचं जंगल वाचून मी मोठ्यांदा हसले होते. तू समोरच होतीस. तुला राग आला का गं?'

'आला.'

'पण ते भारी आहे ना?'

'आहे. म्हणून तर आला.'

बिचारीनं आपल्या डब्यातली भाजी मला वाढली. माझं मलाच धड समजावता येईना. तेच वाक्य मी घरात बोलले असते तर दादा खदखदून हसला असता आणि मीही हसले असते. पण सहा फुटांवरून कुणी म्हणालं की तेच अंगावर येतं. त्याच शब्दांना मग दगडाचं वजन येतं. पटकन पटवून द्या म्हटलं तर मला जमायचं नाही.

नवा तपासनीस आज येऊन जागा बघून गेला. माझ्या खुर्चीला पायरी का लावलीये, असं त्यानं विचारलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लेखकमहाशयांचा मालकांना फोन! उद्या अकरा वाजता जातीनं येतायत. कधी कुठे जात नाहीत म्हणे, पण 'त्या बाईंना भेटायचंच आहे'. या की! मी वाटच बघतेय. मुद्दे काढून ठेवलेत, एकूण सात. आवाज चढवायचा नाही. रडायचं तर मुळीच नाही. पहिलं वाक्य पाठ केलंय : 'बसून घ्या, म्हणजे समोरासमोर बोलता येईल.'

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अकराला आला. दार उघडलं, पण कुणी दिसेना म्हणून डीटीपीवाली उठून उभी राहिली, आणि मग तिनं खाली बघितलं. माझ्याएवढाच. बोटभर कमीच असेल.

'त्या तपासनीस बाई कुठे...?' म्हणाला. 'मीच,' म्हटलं.

त्याच्या हातात मालकांच्या नावे पत्र होतं : कोश काढून टाका. 'आमच्या घरात आम्ही असंच बोलतो हो. ते लग्नाचं आईचं आहे. वरच्या फळीवरचं काही हवं असलं की बाबा तिच्या खांद्यावर चढायचे. बाबा गेल्यापासून ती फळी रिकामीच आहे. मला वाटलं, सगळे आमच्यासारखेच हसतील. पण तुमचे शेरे वाचले आणि कळलं, उंच माणसं हे कसं वाचतात.'

उंच माणसं. मी!

पत्र त्याच्या हातातून घेतलं आणि फाडलं. कोशाचे सगळे फर्मे ओढले, त्याच्यादेखत सह्या केल्या. इतकी लाज मला आजवर कुठल्याही उंच माणसानं आणली नव्हती.