वरच्या कोपऱ्यातली वायर

११ फेब्रु., महागाव
डॉक्टरांचा हुकूम: बोलायचं नाही. म्हणून इथे लिहितेय. सतराला नागपूरला भरती, अठराला ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढणार. तंबाखू-सुपारीचा खर्रा उभ्या जन्मात तोंडात धरला नाही. खर्र्याविरुद्ध गावोगाव घसा फोडला. गाठ माझ्याच घशात.

कॉम्प्युटरचे सुटे भाग आले. पुण्याचा भाचा अनिकेत म्हणतो, पडद्यावर येतील ती वाक्यं वाचायची, मशीन माझा आवाज शिकेल, पुढे मी टाइप करीन ते माझ्याच आवाजात बोलेल. कंपनीचं अ‍ॅप हेच फुकट करून देतं म्हणे. नाही म्हटलं. जन्मभर ज्या बड्या कंपन्यांविरुद्ध बोलले त्यांच्या गोदामात गळा ठेवू? मशीन माझं, माझ्या घरात.

लोकांसाठी नाही हे. लोकांसाठी लिहिता येतं. याडीला, म्हणजे आईला, वाचता येत नाही. ती तांड्यावर रोज संध्याकाळी माझ्या फोनसाठी बसून असते. तिला काय पाटीवर लिहून दाखवू?

म.ने, माझ्या नवऱ्याने, व्हिडिओ बघत दिवसभर जोडलं. बँकेतून सुटल्यापासून त्याच्या हाताला काम नाही. मी मॅन्युअल वाचत बोटाने दाखवत होते. प्रोसेसरची जाड वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात बसली. टक्. सुरू करणार तेवढ्यात लाइट गेली.

१२ फेब्रु.
लाइट सकाळी आली. बटण दाबलं. पंखे फिरले, रंगीत दिवे लागले, स्क्रीन काळी. केबल बदलली. टीव्हीला लावून पाहिलं. तेच.
म.: "होते असं. नवीन मशीन हाये."
मी: "मशीन नवीन आहे. तू जुना आहेस."
एवढं बोलायला नको होतं. घशाला, म्हणजे.

१३ फेब्रु.
मेमरीची पट्टी काढली, खोडरबरने घासली, परत लावली. दुसऱ्या खाचेत लावली. काही नाही. अनिकेत व्हिडिओवर. फोन म.च्या हातात.
"काका, प्रोसेसरची वायर बसली ना? वरच्या कोपऱ्यातली. ती नसली की पंखे फिरतात, बाकी काहीच होत नाही."
"बसली ना."
मीही ओरडले, "मी स्वतः टक् ऐकलं!" साक्षच दिली.
"मग बोर्ड खराब असेल, मावशी. बदलून यायला आठवडा जाईल."
तोवर फोनवर रेकॉर्ड करून ठेव म्हणाला. केलं. ऐकलं तर पत्र्याच्या डब्यात कोंडलेली कोणी बाई. याडीला ऐकवलं तर विचारते, ही कोण?

१४ फेब्रु.
आवाज बसत चाललाय. शब्दाचं शेवटचं अक्षर गळतं. तरी म.ला सोडलं नाही. ठोंब्या. कारकून. जन्मभर लोकांचे पैसे मोजलेस, चार वायरी मोजता येईनात?
तो भांडी घासत होता. मागे न बघता म्हणाला, "बोलून घे. थोडेच दिवस राह्यले."
तो थांबला नाही.
"ढाणकीच्या सभेत काय म्हटलं होतं तू? आमचे हे म्हंजे घरातला टेबलफॅन. मान हालवून राह्यते, हवा कोणालेच लागत नाही. सारा मंडप हासला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मले वाटलं, घरी आल्यावर तरी काही म्हणशील."
विनोद चांगला होता. मारेगावलाही घेतला. तिथेही हशा.
नंतर त्याने हळदीचं दूध आणून ठेवलं. प्यायले.

१५ फेब्रु.
पुसदच्या दुकानदाराला फोन. "आमच्याकडून घेतलं नाही ना मॅडम? मग दुसऱ्याच्या वरातीत आम्ही कायले नाचू?"
बोर्डावरची छोटी बॅटरी काढून परत बसवली. काळी ती काळीच. म. फडक्याने मशीन पुसतो. धूळ नाही, तरी पुसतो.

१६ फेब्रु., सकाळ
म. बाजारात गेलाय, दवाखान्यासाठी थर्मास आणायला.
मॅन्युअल पुन्हा पहिल्या पानापासून. ऐकलं तो पुरावा नव्हे, पाहिलं तो पुरावा, हे मी किती मंडपांत सांगितलं. टॉर्च घेऊन वरचा कोपरा पाहिला. पंख्याच्या आड. खाच रिकामी.
मागचं झाकण म.ने इतक्या दिवसांत उघडलं नव्हतं. उघडलं. जाड वायर दुमडून प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेली. पट्टीचं उरलेलं टोक कात्रीने सरळ कापलेलं. तो नोटांची बंडलं बांधायचा तशी सफाई.
निसटलेली वायर अशी बांधलेली नसते.

दुपार
पट्टी कापली. वायर बसवली. टक्. स्क्रीन उजळली.
अनिकेतने फोनवरून सांगत सगळं चढवून दिलं. "बोर्ड चांगलाच होता म्हणजे? मग काय झालतं?"
"वायर."
पुढे नाही सांगितलं. आवाज उरलाय तो एक तर वाक्यांना पुरेल, नाही तर भांडणाला.

संध्याकाळ
म. आला. मशीनची घरघर ऐकून उंबऱ्यातच थांबला. कापलेली पट्टी मी टेबलावर मुद्दाम ठेवली होती. त्याने पाहिली. उचलली. खिशात घातली.
"झालं का सुरू?"
मी मान हलवली.
खोलीत शांतता हवी, मशीन सांगतं. आमचं हे दार कडीशिवाय मिटून राहत नाही, आणि कडी बाहेरच आहे. म. बाहेर गेला. दार ओढलं. कडी लागल्याचा आवाज आला.
पहिलं वाक्य: आज जेवायला काय केलं?
याडीला मी फोनवर रोज पहिलं हेच विचारते.
वाचलं. लाल अक्षरं: आवाज पुरेसा नाही, पुन्हा बोला.
पुन्हा वाचलं. लाल.
घोटभर पाणी हवं. तांब्या बाहेर राहिला. हाक मारावी लागेल.