कल्ले गळाल्याची हकिगत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा तूर्त उभ्यानेच). तुझे गुडघे, भावजींचं पित्त आणि भाचरांच्या परीक्षा ठीक असतील अशी आशा. इकडे काळजीचं कारण नाही. आई दवाखान्यात आहे, पण खाट खिडकीजवळची मिळाली आहे. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला बोलता येणार नाही, म्हणून शेजारच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतो आहे.

टाकीतला माझा सॅलॅमँडर तू पाहिला आहेस (तोच, ज्याला तू पाल म्हणालीस आणि मी दोन दिवस जेवलो नाही). वीतभर लांब, मानेशी कल्ल्यांचे तुरे, आणि वय वाढलं तरी लहानपण सोडायला तयार नाही. माझा प्रबंध त्याच्यावरच आहे (चालू आहे, विचारू नकोस). मागे एकदा जेवताना आईला सगळं समजावून सांगितलं. यांचे पूर्वज रीतसर मोठे होत, कल्ले गाळून जमिनीवर येत. पुढे काहींना न आटणारं तळं मिळालं, बाहेर मात्र खायची मारामार. तेव्हा ज्यांनी मोठं होणं लांबणीवर टाकलं तेच टिकले, आणि पिढ्या गेल्या तशी त्यांना त्या बाळरूपातच पिल्लंही होऊ लागली. (पिल्लांचा भाग आईने दोनदा सांगायला लावला. माझं लग्न तिच्या डोक्यातून जात नाही.) वर मी शहाणपणा केला. म्हणालो, तू थायरॉइडची गोळी घेतेस ना, ती याच्या पाण्यात पडली तर हाही मोठा होईल. आई ताटं उचलून आत गेली.

पुढे त्याचे तुरे झडू लागले, शेपटीची झालर गेली. मी पाणी बदललं, दिवा बदलला, गाइडसरांपासून तोंड लपवलं. त्याच सुमारास आईला भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, चेहरा सुजला, बोलणं जड झालं. मी म्हटलं, वय झालं. (टाकीचं तापमान रोज बघत होतो गं. आईच्या कपाळाला हात लावायचं सुचलं नाही.) परवा सकाळी तो दगडावर चढून बसला आणि माझ्याकडे बघत त्याने चक्क डोळे मिचकावले! तोवर त्याला पापण्याच नव्हत्या. धावत आईला सांगायला गेलो. ती अंथरुणातूनच म्हणाली, "लागू पडल्या म्हणायच्या. रोज माझी गोळी त्यालाच घालत होते. तुला दिली असती, पण तू कुठल्या गोळ्या गिळतोस!"

मी हसलो, ताई. पोट धरून हसलो. हसून होईपर्यंत तिचे डोळे मिटले होते, आणि हलवलं तरी उघडेनात.

भावजींना नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. धावपळ करून यायची काही गरज नाही.

ता. क. दुसरा : त्याला ओल्या मातीचं खोकं करून दिलं आहे. दिवसभर टाकीकडे तोंड करून बसतो. आता आत सोडला तर बुडेल.

ता. क. तिसरा : आईचा श्वास नळीवर आहे. डॉक्टर म्हणाले, नळी ठेवायची की काढायची हे घरातल्या मोठ्या माणसाने ठरवून सही करावी. मी आईच्या खाटेकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, त्यांच्याखेरीज? ताई, ड्रायव्हर अजून तुझ्या दारात गाडी घेऊन उभा असेल. त्याला मीच थांबायला सांगितलं आहे.