रियाधमधलं हिब्रू

२४ ऑगस्ट, रविवार

पहिला तास. वर्गात एकोणीस मुली. अठरा सौदी आणि मी. हिब्रू इथे अरबीतून शिकवतात. ते आधीच कळवलं होतं, पण अर्जात मीच 'अरबी येतं' असं ठोकून दिलं होतं. पुण्यात दोन उन्हाळी वर्ग केले, तेवढंच! डॉ. खतीजा चाळीस मिनिटं बोलल्या. मला तीन शब्द कळले. त्यातला एक माझं नाव. तेही हजेरीत लिहिल्याप्रमाणे 'नूबुर'. अरबीत प नाही.

घरी पद्मिनीमावशीने विचारलं, "कसं झालं?" "छान," म्हटलं. आईची ही धाकटी बहीण एकोणीस वर्षं रियाधात आहे, तिला थापा लगेच कळतात. तिने फक्त अजून एक पोळी वाढली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मावशीचे यजमान चंद्रशेखरकाका ओलाया भागातल्या बँकेतून आले, टाय काढत म्हणाले, "हिब्रू शिकायला माणूस रियाधला येतो, हे मी पहिल्यांदा ऐकतोय." सांगितलं – एम.ए.चं एक सेमिस्टर बाहेर करता येतं, इथल्या विद्यापीठात हिब्रू शिकवतात आणि जागा मला इथेच मिळाली. मावशी म्हणाली, "कुणी विचारलं तर भाषाशास्त्र सांगत जा. लोक उगाच दहा प्रश्न विचारतात."

९ सप्टेंबर

बावीस अक्षरं आली. आज वाणसामानाची मराठी यादी लिहायला घेतली तर हात उजव्या कडेला गेला.

१२ ऑक्टोबर, रविवार

मधल्या परीक्षेत एकतीस. शंभरपैकी.

इतर मुलींना निम्मे शब्द ऐकूनच कळतात, कारण मुळं अरबीसारखीच. मला प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो. डॉ. खतीजांनी खोलीत बोलावलं, इंग्रजीत हळूहळू बोलल्या. "नापास झालीस तर पुण्यात तुझं वर्ष जाईल. विषय सोड. यात लाज नाही. येत्या गुरुवारपर्यंत अर्ज देता येईल." आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

मेट्रोत रडू आलं. समोरच्या बाईंनी टिश्यूचं पाकीट पुढे केलं.

१३ ऑक्टोबर

आज काहीतरी झालं. नीट लिहून ठेवते.

मी स्वयंपाकघरात बसून शब्दांची कार्डं वाचत होते. अर्ज भरायचा ठरलाच होता, तरी सवयीने. "बायित म्हणजे घर."

"बैत," मावशी कणीक मळता मळता म्हणाली.

"काय?"

"बैत म्हणजे घर. पुढचं वाच."

"योम. दिवस."

"यौम."

"ओझेन. कान."

"उझ्न. शेजारच्या आजींचा दुखायचा तेव्हा मीच न्यायचे त्यांना दवाखान्यात."

मी कार्ड खालीच ठेवलं. एवढी वर्षं भाजीवाला, दवाखाना, शेजारणी यांच्याशी बोलून हिला अरबी येतं, आणि आमच्या घरात हे कुणालाच माहीत नाही. तिला स्वतःलाही नाही. "अगं, मला कुठे येतं? कामापुरतं," म्हणाली.

मग 'लेहेम' आला. "लहम म्हणजे मटण," मावशी ठामपणे म्हणाली.

"नाही, इथे पाव."

"असं कसं? खाटकाच्या दुकानावर लिहिलेलं असतं." थोडा विचार केला. "म्हणजे दोघांनी जेवण म्हटलं. ज्याला जे मिळालं ते त्याने खाल्लं."

चाळीस कार्डांपैकी सव्वीस तिने ओळखली. त्या सव्वीसपैकी एकही मी आता विसरणार नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

विषय सोडायचा अर्ज दिला नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार. दिवाळी

मोठ्याने वाचन होतं. आज 'त्सिपोर' शब्द. म्हणजे पक्षी. अनूद वर्गात पहिली, तिने वाचलं, "सिबोर." पुढचीनेही "सिबोर." अरबीत त्स नाही, प नाही. माझी पाळी आली, मी सहज वाचलं.

डॉ. खतीजा थांबल्या. "पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं.

"कुठे शिकलीस?"

डब्यात मावशीची चकली होती. ती काढली आणि मोडक्या अरबीत म्हटलं, "हिच्या नावात तो आवाज आहे. दोन वर्षांच्या मुलालाही येतो."

वर्ग हसला. पहिल्यांदा माझ्याबरोबर.

२१ ऑक्टोबर

मावशीने अख्खा डबा भरून दिला. नियम केला – ज्याला 'चकली' नीट म्हणता येईल त्यालाच मिळेल. सकली म्हणणाऱ्यांना नाही. अनूदला सात वेळा म्हणावं लागलं. सातव्यांदा जमलं तेव्हा ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. डॉ. खतीजांनी दोन खाल्ल्या. त्यांना पहिल्याच वेळी जमलं होतं, अर्थात.

आता रोज दुपारी कँटीनमध्ये अनूद आणि मी. ती मला क्रियापदं शिकवते, मी तिला प, व आणि त्स. 'तोव्ह' म्हणजे चांगलं. ती म्हणते 'तोफ'. मराठीत तोफ म्हणजे काय ते सांगितल्यावर तिला वाक्य पुरं करता येईना.

१८ नोव्हेंबर

दुसरी चाचणी. चौसष्ट!

मावशीने प्रश्नपत्रिका मागितली. दुपारी जेवणाच्या टेबलावर पेन्सिलने सोडवत बसली. कार्डं वाचता वाचता तिने अक्षरं कधी उचलली मला कळलं नव्हतं. मी तपासली. अठ्ठावन्न. वर्गात एक दिवस न बसता अठ्ठावन्न. सांगितलं तर म्हणाली, "तू नात्यातली म्हणून सैल हाताने तपासलंस." मी नव्हतं तपासलं सैल हाताने. तिने कागद घडी करून कुठेतरी ठेवला.

३० नोव्हेंबर

संस्कृतीच्या भागासाठी बारा मिनिटं हिब्रूत बोलायचं. मी कोकणातले ज्यू घेतले – बेने इस्राएल. आमच्या पेणचेच म्हणायचे. मावशी म्हणाली, "आमच्या शाळेत पेणकरबाई होत्या. शनिवारी यायच्या नाहीत. त्यांच्याकडे मलिद्याचा विधी असला की पोहे, खोबरं, फळं असं ताट आमच्याकडे यायचं. आई म्हणायची, नमस्कार करून खा." लिहून घेतलं. मग मला म्हणाली, "'ताट यायचं' याचं हिब्रू नीट झालेलं नाही तुझं." बरोबर होतं तिचं.

२८ डिसेंबर, रविवार

तोंडी परीक्षा. तीन परीक्षक, मागे अख्खा वर्ग.

पहिलं मिनिट कागदात बघून वाचलं. मग पेण आलं, आणि कागद मिटला. सांगितलं की हे लोक तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. हिब्रू बरंचसं विसरले, पण शनिवार विसरले नाहीत. इथे डॉ. खतीजांनी पेन खाली ठेवलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी विचारलं, "शनिवारी गावाला तेल लागलं तर?" हे मी तयार केलेलं नव्हतं. "शुक्रवारी जास्त घ्यायचं," मी म्हटलं. हिब्रूत, न अडखळता, क्रियापद बरोबर. तिघीही हसल्या.

बाहेर आले तर अनूद धावत आली. "नूपुर!" म्हणाली. प. स्वच्छ, ओठ मिटून केलेला प. चार महिन्यांत विद्यापीठात पहिल्यांदा माझं नाव ऐकलं.

६ जानेवारी

निकाल. शेवटच्या लेखीसह एकूण त्र्याहत्तर, पास साठला. तोंडीत वीसपैकी वीस, वर्गात सगळ्यांत जास्त. अनूदला एकोणीस!

डॉ. खतीजांनी हात धरून ठेवला. "मी तुला सोडायला सांगितलं होतं. मी चुकले. कोण शिकवत होतं घरी?"

"मावशी."

"त्या कुठे शिकल्या?"

"भाजी घेताना."

त्या हसल्या नाहीत. मावशीचं पूर्ण नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. कशाला, ते बोलल्या नाहीत. आईला फोन केला, ती पाच मिनिटं नुसतं "बघ, बघ" म्हणत होती.

१२ जानेवारी, सोमवार

विमानतळावर एकटीच टॅक्सीने आले. काकांना गाडी घेऊन दुसरीकडे जायचं होतं. मावशीची विद्यापीठात प्रवेश परीक्षा आहे, दहा वाजता.