घोरपडीची वाटणी

विश्रामबाग, सांगली
दि. १२ ऑगस्ट १९७८

तीर्थरूप दादांच्या पायांशी धाकट्या लालासाहेबाचा दंडवत. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तिकडे फलटणला वहिनीसाहेब, मुलं, दोन्ही म्हशी आणि ऊस यांची तब्येत कशी आहे ते कळवावं. (उसाची चौकशी माझी, म्हशींची आमच्या मंडळींनी लिहायला सांगितली.) दोन वर्षं आपला पत्रव्यवहार बंद आहे. त्याचं कारण तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही, तेव्हा त्यावर शाई खर्च करत नाही. असं लिहिलं खरं, पण पुढचं सगळं पत्र त्याच कारणावर आहे.

आप्पासोमामांनी आपली वाटणी केली ती जमिनीपुरती ठीकच होती. एकाला सगळी काळी आणि दुसऱ्याला सगळा माळ जाऊ नये, म्हणून प्रत्येक तुकड्यात मधोमध बांध घालायचा, ही रीत बापजाद्यांची. पण शेवटी सोप्यातून ती पत्र्याची ट्रंक निघाली, तिच्यातली घोरपड, खेकडा असल्या परदेशी राक्षसांच्या मुक्या सिनेमांची रिळं निघाली आणि आपण दोघंही ‘माझी, माझी’ करायला लागलो, तिथंही मामांनी तीच रीत लावली. म्हणाले, “आरं, एकाला घोरपड अन् दुसऱ्याला खेकडा दिला तर उद्या म्हणशिला, घोरपड लय भारी हुती. समद्यांची दोन दोन रिळं हायती न्हवं? पयलं थोरल्याला, दुसरं धाकट्याला. मिटलं.” अशा रीतीनं सात राक्षस कमरेत तोडले गेले. मामांना दोष देऊन तरी काय उपयोग? आपण दोघं शहाणे माना डोलावत बसलो होतो, कारण दुसऱ्याला एखादा राक्षस अख्खा मिळेल या भीतीपुढे आपल्याला काही सुचत नव्हतं.

दादा, ती रिळं कशी जमवली होती आपण. तुम्ही फौजेतून रजेवर आलात की एसटीनं पुणं गाठायचं आणि जुन्या बाजारात भंगारवाल्यांच्या पुढ्यात उकिडवं बसायचं. डबा उघडून आधी वास घ्यायचा (आंबूस आला की रीळ गेलेलं), मग पट्टी उन्हात धरायची आणि शेपूट दिसली की घ्यायचं, हा तुमचा नियम. विकणाऱ्याला आपण काय विकतोय याचा पत्ता नसायचा, आणि घरी मशीनवर चढवेपर्यंत आपल्याला काय घेतलंय याचा. पुठ्ठ्याचं शहर, खाली चाकं लावलेला खेकडा, गोगलगाईच्या शिंगाला बांधलेली तार. जितकं भिकार तितकं तुम्ही खूश. ते दिवस आठवले की लगेच मामांचा राग येतो.

आता मूळ मुद्दा. गेल्या महिन्यात कॉलनीतल्या लोकांनी फार आग्रह केला म्हणून (आग्रह मीच करायला लावला होता, ते जाऊ द्या) घरापुढे चादर बांधून घोरपड दाखवली. म्हणजे माझ्या वाटणीची, मागची अर्धी. दिवा लागतो न लागतो तोच तोफा सुरू. दहा मिनिटांत घोरपड बंदरात कोसळून गार. मी टाळ्यांची वाट बघत उभा, तर सगळे मयताला आल्यासारखे बसलेले. शेजारचे विष्णुपंत वकील उठले आणि त्यांनी विचारलं, तिनं केलं काय होतं? मी म्हटलं, अर्धं शहर तुडवलं, एक आगगाडी गिळली. ते म्हणाले, पुरावा? मी म्हटलं, पुरावा फलटणला थोरल्या भावाकडे आहे. तर म्हणाले, म्हणजे नाहीच. त्यांचं म्हणणं असं, की घोरपड आपल्या पायांनी समुद्राकडे परत निघाली होती आणि तिला पाठीमागून मारली. गोदावरीकाकूंनी पदरानं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी नळावर आमच्या मंडळींशी कुणी बोलेना, जसा काही गोळीबाराचा हुकूम त्यांच्या नवऱ्यानंच दिला होता.

बरं, तो रबरी पोशाख घातलेला माणूस आहे हे तरी कळावं की नाही? पाठीवरची चेन स्पष्ट दिसते. मी रीळ थांबवून, चादरीजवळ जाऊन चेनवर बोट ठेवून दाखवली. काकू म्हणाल्या, ऑपरेशनचे टाके असतील हो बिचारीचे. (रीळ थांबवल्यामुळे त्या जागी ते दिव्यानं जळालं, तो भुर्दंड वेगळा.)

पोरं रडायला लागली म्हणून त्याच रात्री मी मशीनचा खटका ओढून तेच रीळ उलटं चालवलं, आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मेलेली घोरपड पाण्यातून उठली, तोफांचे गोळे तोफांना परत केले, कोसळताना शेपटी लागून पडलेल्या इमारती एकेक करून उभ्या केल्या आणि माणसं पाठमोरी पळत आपापल्या घरात शिरली. काय टाळ्या म्हणून सांगू. काकूंनी चादरीला हळदकुंकू लावलं, ते अजून धुऊन निघालेलं नाही. आता कुणी सुलटी घोरपड बघायला तयार नाही. गणेश मंडळानं पाचव्या दिवसाचा कार्यक्रम फळ्यावर लिहूनसुद्धा टाकला आहे, ‘घरे बांधून देणारी घोरपड’. मी विरोध केला तर विष्णुपंतांनी अट घातली, की पाचव्या दिवशी पहिलं रीळ हजर करून गुन्हा शाबीत करा, नाहीतर मंडपात उभं राहून घोरपडीची माफी मागा. आणि कॉलनीतला एकजात प्रत्येक माणूस त्यांच्या बाजूला आहे.

तुमच्याकडे याच्या बरोब्बर उलट चाललंय म्हणे. मामा सांगत होते, तुमच्या गावात प्रत्येक राक्षस निघतो, माणसं खातो आणि रीळ संपतं. मरत कुणीच नाही, म्हणून बायका दिवस कलला की कालव्यावर धुणं न्यायचं टाळतात. म्हणजे आपला एक जिल्हा घाबरलेला आणि दुसरा सुतकात. ही वाटणी झाली का दादा? तरी घोरपडीचं पहिलं रीळ एसटीच्या पार्सलनं चार दिवसांपुरतं पाठवावं. मी हात पसरत नाही, फक्त मागतो आहे.

वडीलधाऱ्यांना आणखी काय शिकवायचं? थोरांना नमस्कार, लहानांना खाऊसाठी थांबायला सांगा.

तुमचा,
लालासाहेब

ता. क. फुकट द्यायचं नसेल तर बदल्यात खेकड्याचं दुसरं रीळ पाठवतो.

ता. क. २. वरचं खोडायला हवं होतं, पण शाईनं लिहिलंय. खेकड्याचं दुसरं तुम्हाला चालणार नाही, कारण पहिलं तुमच्याकडे नाही. वाटणीच्या दिवशी तुम्ही मामांना एसटीवर सोडायला गेलात तेव्हा मी ते उचललं आणि त्या डब्यात ‘उसाला खत कसे द्यावे’ हे रीळ ठेवलं. दोन वर्षांत तुम्ही ब्रही काढला नाहीत. डबा उघडला नसेल असं मी स्वतःला सांगत आलो, पण तुम्हाला मी ओळखतो. पहिल्याच आठवड्यात उघडला असणार.

ता. क. ३. म्हणजे माझ्याकडे खेकडा अख्खा आहे. दारं लावून चार वेळा लावला. निघतो वेळेवर, जहाज खातो, मरतोही व्यवस्थित. पण मजा येत नाही. पडद्यामागं उभं राहून कळशीत तोंड घालून डरकाळ्या तुम्ही फोडत होता, आणि मी किंकाळ्या. मी एकट्यानं दोन्ही करून बघितलं, तर शेजारी विचारायला आले, कुणाला उलट्या होताहेत का. तेव्हा गणपतीत पाचव्या दिवशी तुम्ही या. माफी मागायची ती मी मंडपात मागेन, आणि तुमची त्याआधी घरात. रिळं विसरलात तरी चालेल, घसा बसू देऊ नका.