लोहमुखाच्या आईचं काय झालं?

अकोला,
मंगळवार, २१ नोव्हेंबर १९६१

चि. धर्मपालबाबू यास,

देवमन फिटरचा सप्रेम जयभीम. इकडे तुझी बहीण केशर खुशाल, पोरी खुशाल, मी तर खुशाल असतोच. तुझी आई जाईबाई आम्हा सर्वांहून जास्त खुशाल होती, परवा रविवारी दुपारी सव्वाचार वाजेपर्यंत. (सव्वाचार हे अंदाजाने लिहिलेलं नाही. कापसाच्या जिनातलं घड्याळ मीच लावतो आणि माझं त्यावरून.) तुझा खोकला कसा आहे ते कळव. कचेरीतल्या दप्तरांची धूळ घशात बसते, त्यावर ज्येष्ठमध चघळावा. डॉक्टरला विचारायची गरज नाही, मी वाचलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्याकडच्या साप्ताहिकात टोपणनावाने जी 'लोहमुख' ही गोष्ट क्रमशः चालू आहे, ती तू लिहितोस हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. केशरला नाही, आईला तर नाहीच. सरकारी नोकरी आहे, वरचे लोक काय म्हणतील, हे मला समजतं. पण लिहिणारा घरचा असला म्हणून वाचणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत असं कुठे लिहिलेलं नाही, आणि असलं तरी मी ते मानत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं जिनात आलेल्या मशिनींच्या पुस्तकांवरून आणि रद्दीतल्या मासिकांवरून. त्यामुळे मला वाचताना प्रत्येक नट घट्ट आहे का ते पाहायची सवय आहे.

तुला माहीत नसेल (दोन बुद्धपौर्णिमा 'येतो येतो' म्हणून तू आला नाहीस, माहीत कसं असणार), आपल्या वस्तीत दर रविवारी वंदना झाल्यावर समाजमंदिरापुढे तुझी गोष्ट वाचली जाते. वाचतात नत्थुजी आणि अर्थ सांगतो मी. पोथी आपण छप्पन साली सोडली, पण पोथी ऐकणारा कान काही सुटला नाही. एकाने वाचायचं, दुसऱ्याने अर्थ फोडून सांगायचा, आणि बसलेल्यांनी मधेच हात वर करून विचारायचं, ही पद्धत तशीच राहिली. आणि त्या पद्धतीत सांगणाऱ्याने 'मला माहीत नाही' असं म्हणायचं नसतं. मी तर तसं कधीच म्हटलेलं नाही. म्हणायची वेळच आली नाही.

आठव्या भागापर्यंत मी तुझी गोष्ट खांद्यावर वाहून आणली, हे तुला कळावं म्हणून सांगतो. तिसऱ्या भागात लोहमुखाला जखम डाव्या खांद्याला, सातव्यात ती उजव्या खांद्याला. मी सांगितलं, जखमा दोन आहेत, एक सांगायची राहून गेली. खंदक सत्तर हात रुंद आणि पुलाची साखळी साठ हात. मी सांगितलं, उन्हाळ्यात लोखंड वाढतं. (दहा हात वाढत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. ते बोलताना माझी जीभ जड झाली होती.) मनोऱ्याला बारा वर्षं कुलूप, आत पक्षी जिवंत, मग त्याला दाणा कोण घालतं? नत्थुजी म्हणाले, शाप असंल. मी त्यांना तिथेच थांबवलं. शाप हे काही कारण नव्हे, कारण सापडलं नाही की माणूस शापावर ढकलून मोकळा होतो. ते आता आपल्यात चालणार नाही. आणि तो लोखंडी मुखवटा? बारा वर्षं माणूस तळ्याकाठी राहतो आणि लोखंडाला गंज नाही? एकदा तरी कोणी तेल लावल्याचं लिहायचं होतंस. इथे आमच्या जिनात दोन दिवस सरकीचा दमटपणा लागला तर बेअरिंग ओरडायला लागतं.

मग आला नववा भाग. लोहमुखाचं मागचं आयुष्य. सगळी वस्ती गोळा झाली होती, बाजेवर जागा नव्हती. तू लिहिलंस, आठ वर्षांचा मुलगा, त्याला नावेत घालून नेतात, आणि काठावर त्याची आई निळा कंदील धरून उभी राहते. चांगलं लिहिलंस, खोटं बोलणार नाही. नत्थुजींसारखा रेल्वेचं टाइमटेबल वाचावं तसं वाचणारा माणूसही तिथे जरा अडखळला. पण पुढचा परिच्छेद काय, तर तो वीस वर्षांचा आणि तोंडावर लोखंड. दोन परिच्छेदांच्या मधल्या कोऱ्या जागेत तू बारा वर्षं आणि एक आई गिळून टाकलीस, धर्मपाल!

पहिला हात तुझ्या आईचाच वर झाला. "कंदीलवाली माय कुठं गेली मंग?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी चष्मा पुसला आणि सांगितलं. पाचव्या भागात किल्ल्यात धान्य निवडणारी जी म्हातारी लोहमुखाला पाणी देते, तीच त्याची आई. पुरावा: दुसऱ्या भागात लोहमुखाच्या आठवणीतली आई डाव्या हाताने भाकर वाढते, पाचव्यात म्हातारी डाव्या हाताने पाणी देते. तू हे मुद्दाम केलंस की चुकून, मला ठाऊक नाही, पण पुरावा तो पुरावा. ती त्याला ओळखते, तो तिला ओळखत नाही, पुढे भेट होणार, असं मी ठणकावून सांगितलं. बायकांनी डोळ्याला पदर लावले. घरी आल्यावर आईने माझ्या ताटात स्वतःच्या हाताने ठेचा वाढला. (सासूने जावयाला वाढणं ही काही मोठी गोष्ट नाही, पण आपल्या आईने मला स्वखुशीने ठेचा वाढायची ही सतरा वर्षांतली दुसरी वेळ.) आठवडाभर ती मला रोज एकच विचारायची, भेट कोणत्या भागात हाय? मी सांगायचो, बहुतेक अकराव्यात.

आणि परवा दहावा भाग. नत्थुजी वाचत होते, घोड्याचं वर्णन चाललं होतं, आणि घोड्याच्या वर्णनात, धर्मपाल, घोड्याच्या वर्णनात तू अर्धं वाक्य टाकलंस, की लोहमुखाची आई तर केव्हाच वारली होती. स्वल्पविराम, आणि पुढे पुन्हा घोडा.

मी लगेच सांभाळलं. म्हटलं, ही किल्ल्यातल्या राणीने उठवलेली आवई आहे, लोहमुखाने आईला शोधू नये म्हणून. नत्थुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "देवमनजी, हे राणी नाई बोलून राहिली. हे लिवणारा बोलून राहिला."

"लिहिणाऱ्यालाही राणीनेच तसं सांगितलं," मी म्हणालो. तर्काने यात चूक काढता येत नाही. पण मागून कोणी तरी हसलं, आणि तुझी आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "लिवणाऱ्याले माय नाई का?" एवढं म्हणाली आणि घरी निघून गेली. तेव्हा सव्वाचार वाजले होते.

तेव्हापासून ती नीट जेवत नाही. केशर माझ्यावर तापलेली आहे, "नसलेलं काहून सांगता तुमी? आता आना तिले जित्ती!" असं दिवसातून चारदा म्हणते. मी रागावलो नाही. चूक माझी नाही, पण दुरुस्ती माझ्याशिवाय कोणाला येणार? ती खाली लिहिली आहे. अकराव्या भागात पहिल्याच ओळीत आई जिवंत निघाली पाहिजे. आवई राणीची होती, हे माझंच वाक्य जसंच्या तसं घातलंस तरी माझी हरकत नाही. धान्य निवडणारी म्हातारी तीच, डाव्या हाताचा पुरावा दे. घोडा कमी कर.

ज्येष्ठमध विसरू नकोस. सौ. भागीरथाला आमचा जयभीम सांग, लेकराला गोड पापा.

तुझा भाऊजी
देवमन

ता. क. : वरची दुरुस्ती ही केवळ साहित्याच्या दृष्टीने आहे असं समजू नकोस. एखाद्या रविवारी तू स्वतः आलास आणि आईजवळ तासभर बसलास, तर अकरावा भाग तुला हवा तसा लिही, मी सांभाळून घेईन. खरं म्हणजे मला एवढंच लिहायचं होतं. त्याला चार पानं लागली.

दुसरा ता. क. : पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात आई समोर येऊन बसली आणि म्हणाली, "लोहमुखाले लिवून राहिले का?" माझ्या हातून डिंकाची बाटली कलंडली. (पत्रावरचा डाग त्याचा आहे.) लिहिणारा तूच, हे तिला पहिल्या भागापासून माहीत आहे! ती म्हणते, गोष्टच तिची आहे. दर्यापूरकडे वेचणीला जात होती तेव्हा तुला कापसाच्या गंजीवर बसवून सांगायची, आणि तू नाव निघाली की झोपायचास. रोज. त्यामुळे पुढचं तुला ठाऊकच नाही, म्हणून तुझ्या गोष्टीला ही सगळी भोकं. मी म्हटलं, मग त्या मुखवट्याला गंज कसा नाही? तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जिनात कालच लागलो. "रोज पहाटी कोन तेल लावे त्याले? माय नाई त कोन?"

मी तेहतीस वर्षं लोखंडात काढली, मला हे सुचलं नाही. मी पुष्कळ विनवलं, पण याच्यापुढे ती एक अक्षर सांगायला तयार नाही. म्हणते, ज्याची गोष्ट अर्धी राहिली त्यालाच सांगीन, पत्राने सांगणार नाही, आणि जावयाला तर नाहीच.

तेव्हा अकराव्या भागाला हात लावू नकोस. शनिवारी रात्रीच ये, बडनेऱ्याला गाडी बदल, कोरी वही आण. आणि प्रवासात डुलकी काढून घे. या वेळी नाव निघाल्यावर झोपलास तर मी तुला उठवणार नाही. दाराआड बसून सगळं उतरवून घेईन आणि माझ्या नावाने छापायला पाठवीन.